करमंना म्हणून

दादा घर सोडून गेला, त्या दिवसापासून मी पायात चप्पल घातली नाही.

मेंढरांवरून त्याचं वडिलांशी भांडण झालं होतं. कळप विकून गेवराईला दुकान टाकू, असं तो म्हणायचा. वडील ऐकत नव्हते. एक दिवस सकाळच्या एसटीनं तो निघून गेला. माझं लग्न जवळच्याच गावात झालेलं. मला कळलं तशी मी माळावरच्या महादेवाकडं गेले आणि पिंडीवर हात ठेवून म्हणाले, "दादाला आण. तवर अनवाणी ऱ्हाईन, दर सोमवारी येईन. पण आणलाच पायजे."

प्रार्थना कसली, तंबीच होती ती.

सात वर्षं तशीच काढली. गावातल्या बायकांच्या दूध संस्थेत दूध मापायचं काम माझ्याकडं होतं. दूध घालायला आलेल्या बायका माझ्या टाचांच्या भेगा बघून हळहळायच्या. मला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही. देवानं हे पाय बघावेत, त्याला लाज वाटावी, असं मनात असायचं. मध्ये वडील गेले, तरी दादा आला नाही. त्या सोमवारी मी पिंडीसमोर उभी राहून देवाशी भांडले. पुढच्या सोमवारी पुन्हा गेले, कारण मध्येच सोडलं तर आजवरचं सगळं वाया जाईल अशी धास्ती होती.

मग दुष्काळ पडला. दुधाचे कॅन रिकामे राहायला लागले. संस्थेनं माळाच्या पायथ्याशी जनावरांची छावणी उघडली आणि मी तिथं चारा वाटायला लागले. अशाच एका दुपारी पेंढ्या सोडत असताना मागून आवाज आला, "काय गं बाई, वळखलंस का न्हाई?"

दादा. केस पांढरे झालेले, गाल बसलेले. तो माझ्या पायांकडं बघत राहिला.

"चप्पल कावून न्हाई पायात?"

"तुझ्यासाठी."

"येडी हायेस," म्हणाला आणि मान खाली घातली.

त्यानं परगावी संसार मांडला होता. मुलीच्या शाळेसाठी जातीचा दाखला हवा होता, म्हणून पाटोद्याला तहसील कचेरीत आला होता. घरी नेऊन त्याला जेवायला वाढलं. तो खात असताना विचारलं, "बाबा गेलेलं कळलं व्हतं का तुला?"

"कळलं व्हतं. आलतो बी पाटोद्यापर्यंत. स्टँडवर लई वेळ बसलो, अन् तिथनंच माघारी फिरलो."

चारच्या गाडीनं तो गेला. सात वर्षं ज्याची वाट बघितली, तो तीन तास थांबला.

सोमवारी नारळ फोडला. नवऱ्यानं आणलेल्या नव्या चपला घातल्या. बोललेलं फिटलं होतं; आता माळ चढायचं काही कारण उरलं नव्हतं. मी जायचं बंद केलं.

पण जीव रमेना. छावणीत काम करता करता नजर वर माळाकडं ओढली जायची. वाटायचं, दादाचीच आठवण येतेय. दादाचा तर आता फोन यायचा. तो बोलायचा, पोरांचं सांगायचं ते सांगायचा, आणि फोन ठेवला तरी ती ओढ तशीच राहायची. मला आठवत होता तो गाभाऱ्यातला गारवा, सुकल्या बेलाचा वास. नवऱ्यालाही जे सांगितलं नाही ते मी तिथं बोलले होते. दर सोमवारी मी महादेवासमोर उभी असायचे, पण बघत असायचे दादाच्या वाटेकडं. ज्याच्यासमोर उभी होते, त्याच्याकडं कधी नीट बघितलंच नव्हतं.

शेवटी एका गुरुवारी गेलेच. गुरवीण मावशी आवार झाडत होत्या.

"आज सोमवार न्हाई गं. आता काय पायजे?"

"काई न्हाई, मावशी."

"मग कावून आलीस?"

"करमंना."

त्यांनी झाडू थांबवला. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि दारातून बाजूला झाल्या. "जा, बस मग."

पिंडीवरचं पाण्याचं भांडं कोरडं होतं. पिंडीही कोरडी. किती हातांनी झिजून ती गुळगुळीत झालीय, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मी हात लावला नाही. डोकं आपोआप जमिनीला टेकलं. मागायला काही नव्हतं आणि डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. दुष्काळ होता, पाऊस तरी मागायचा. तेही सुचलं नाही. घरी आल्यावर त्याची लाज वाटली.

पुढं पाऊस झाला, संस्थाही सावरली. मी वार न बघता जात राहिले. कधी तिथं फार जवळचं कुणी आहे असं वाटतं, कधी नुसता दगड दिसतो, आणि त्या दिवशी उतरताना पाय जड होतात.

काही वर्षांनी वहिनीचा फोन आला. दादा दवाखान्यात होता, डॉक्टर काही सांगत नव्हते. मी माळ चढले. जुनी सवय, "दादाला बरं कर" असं तोंडून निघूनच गेलं. पुढची अट जिभेवर आली होती. ती गिळली आणि म्हणाले, "न्हाई केलंस तरी येईन."

दादा त्या दुखण्यातून उठला नाही. त्याचं तेरावं उरकून परत आले, पिशवी दारात ठेवली आणि आधी वर गेले. बराच वेळ बसले. या वेळी भांडले नाही.