बोकडाचा डोळा अन् नागपूरचं मशीन

फिजिक्सच्या लॅबमध्ये चार वर्षं काढली. फिजिक्स केव्हाच विसरलो, किस्से मात्र जात नाहीत!

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात गोडे सरांनी नागपूरहून एक्स-रेचं मशीन सहा महिन्यांसाठी मागून आणलं. डोळ्याचा पांढरा भाग आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा, दोन्ही कोलॅजेन नावाच्या एकाच प्रथिनाच्या धाग्यांचे. मग एकातून दिसतं, दुसऱ्यातून काऊन नाई? एक्स-रे धाग्यांवरून विखुरतात, फिल्मवर ठिपके उमटतात, त्यावरून धाग्यांची वीण कळते. सहा महिन्यांत एक तरी नीट फोटो हवा, नाहीतर मशीन परत! सरांनी अन्नपाणी सोडायचंच बाकी ठेवलं होतं.

*

डोळा बोकडाचा. सर शाकाहारी, म्हणून खाटकाकडे मी, त्यांचा असिस्टंट.

"नुसते डोळे? अन् मुंडी कोन नेईन, तुमचे सर?"

मुंडीसकट घ्यावं लागलं. महिनाभर घरी मुंडीचा रस्सा! शेवटी बायको म्हणाली, "तुमच्या सरांना म्हणा, आता मेथीवर संशोधन करा!"

*

एका फोटोला दोन दिवस लागायचे. मध्येच समोरची कापसाची जिनिंग मिल सुरू झाली की व्होल्टेज बसायचं. सर थेट मालकाकडे गेले.

"शेठजी, दोन दिवस जिनिंग बंद ठेवता का? बोकडाच्या डोळ्याचा फोटो काढून राह्यलो."

शेठजींनी सरांना पंख्याखाली बसवलं, थंड पाणी पाजलं, आणि घरी पोचवायला सोबत माणूस दिला.

*

त्यात डोळा वाळायचा. वाळला की फोटो वाया. आमचे लॅब अटेंडंट नामदेवभाऊ म्हणाले, "सर, चिंता काऊन करता? म्या पाह्यतो."

शेवटच्या आठवड्यात फिल्म धुतली. अहाहा! काय ते लखलखीत ठिपके! सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मशीनचा निकाल लावायला नागपूरचे साहेब आले. त्यांनी फिल्म खिडकीशी धरली, उलटी केली, सुलटी केली.

"गोडे, हा कापूस आहे."

"नाही साहेब, बोकड आहे!"

"कापूस!"

"बोकड!"

नामदेवभाऊ पुढे झाले. "दोघंबी भांडू नका. डोया वाळू नये म्हणून म्या त्याले दोन्हीकून ओला कापूस लावला. आपल्याच वावरातला!"

सर मटकन स्टुलावर बसले. मी मशीन बांधायला सुतळी शोधू लागलो. साहेबांनी मात्र फिल्म पुन्हा पाहिली आणि कागदावर लिहिलं, 'मशीन आणखी एक वर्ष वर्ध्यातच ठेवावे. विषय : कापूस.'

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांनी मला बोलावलं.

"खाटकाकडे जा. दोन डोळे आण."

"पण सर, विषय तर कापूस आहे!"

"हो ना. मग कापूस वाळू नये म्हणून त्याला काही लावायला नको?"