लख्ख पुसलेली काच

दादाजी मूळचे नागभीडकडचे. बाप तलावात जाळं टाकायचा. दादाजींनी माजरीला येऊन हातात फडकं धरलं. खाणीजवळच्या तंत्रनिकेतनात ते अठरा वर्षं रोजंदारीवर प्रयोगशाळा पुसत होते. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी कोळशाच्या धुळीत बोटानं नाव लिहिता यायचं. दादाजी पुन्हा पुसायचे. २००७ साली त्यांना कायम करायची फाईल एकदाची तयार झाली. पाहणीला येणाऱ्या साहेबांची सही तेवढी बाकी होती.

साहेबांना दाखवायला स्वप्निल सरांनी एक गाडी बनवली. गाडीला पुढे कॅमेरा, फरशीवर पिवळा पट्टा. पट्टा बघत तिनं आपली आपण चालायचं. पण पिवळा म्हणजे नेमका कोणता, हे तिला आकड्यांत सांगावं लागे. सर चार दिवस संगणकापुढे बसून आकडे खालीवर करत होते. गाडी कधी पट्टा धरी, कधी थेट दादाजींच्या बादलीवर जाऊन आदळे.

"दादाजी, बाकी सारं पुसा, पण कॅमेऱ्याले हात नोका लावू," सरांनी बजावलं होतं. चौथ्या दिवशी गाडी पट्टा न सोडता फिरली.

पाचव्या दिवशी साहेबांची जीप फाटकात शिरली आणि दादाजींची नजर कॅमेऱ्याच्या काचेवर गेली. धूळच धूळ! पाहुण्यांपुढे असलं तोंड घेऊन जायचं? अठरा वर्षांची सवय सरांच्या हुकमाला भारी पडली. त्यांनी काच लख्ख पुसली.

साहेबांसमोर गाडी जागच्या जागी गरगरा फिरू लागली. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. काच पुसल्यानंच हे झालं, हे दादाजींनी ओळखलं. बोलावं तर फाईल बुडणार, गप्प राहावं तर सरांची लाज जाणार.

"सर, काच मीच पुसलो जी," ते बोलून गेले. "पयले होती तशी करून देऊ का?"

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. चार दिवस त्यांनी गाडीला धुळीआडचा मळकट पिवळा शिकवला होता; खरा पिवळा तिला ओळखताच येईना. "करा, करा!" ते म्हणाले. दादाजींनी खिडकीवरची धूळ बोटावर घेऊन काचेवर अलगद फिरवली. गाडी शहाण्यासारखी पट्ट्यावरून निघाली. टाळ्या पडल्या.

साहेब खूश झाले. सरांची पाठ थोपटून त्यांनी फाईल उघडली.

"म्हणजे चार दिवस काचेवर धूळ होती?" त्यांनी विचारलं. "सफाईला कोण आहे?"

प्राचार्यांनी दादाजींकडे बोट दाखवलं. साहेबांनी सही केली नाही, शेरा लिहिला: 'स्वच्छतेत हयगय. आणखी एक वर्ष काम पाहावे.'

हात लावायची मनाई आपणच केली होती, हे स्वप्निल सरांच्या अगदी ओठांवर आलं. पण तेवढ्यात साहेबांसोबत त्यांचा फोटो निघत होता, आणि फोटो निघताना कोणी बोलत नाही.