ज्वालामुखीपुढचं गाऱ्हाणं

आमच्या लालबागच्या चाळीत गाऱ्हाणं घालायला पुरुषांची काही कमतरता नव्हती, पण घालायची ती आत्याच. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. देवापुढे नारळ ठेवायचा, मागणं सगळ्यांदेखत खणखणीत बोलायचं आणि जमलेल्यांनी वाक्यावाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं, ही आमची मालवणी रीत. आत्याचा आवाज असा, की आमच्या गणपतीपुढे तिने "बा देवा म्हाराजा" म्हटलं की समोरच्या चाळीतूनसुद्धा "व्हय म्हाराजा" यायचं. मी हात जोडून हळू आवाजात मागितलं की दटावायची, "तोंडातल्या तोंडात काय मागतस? देवाक ऐकाक नको?"

नवा फ्रिज आला, गाऱ्हाणं. माझी बारावी, गाऱ्हाणं. आणि एकदा त्यात बोललेला शब्द म्हणजे देवाने ऐकलेला, तो मोडायचा नाही! तिचा एकुलता एक मुलगा बाबल्या एरवी कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही, पण आईच्या गाऱ्हाण्यापुढे मान खाली. "बाबलो दारू सोडतलो म्हाराजा" असं ती एकदा बोलली, आणि त्याने खरंच सोडली.

तर हा बाबल्या जहाजावर फिटर होता. फिलिपिन्सच्या एका दोस्ताबरोबर त्याच्या गावी गेला आणि दोस्ताच्या बहिणीशी, लियाशी, लग्न करून तिथेच राहिला. कामिगीन नावाचं एवढंसं बेट, पण तोच एक अख्खा प्रांत, आणि वर ज्वालामुखींची दाटी! बाबल्याने तिथे होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. इकडे आमची चाळ पडून टॉवर व्हायचा होता. "नव्या खोलीत दिवो कोण लावतलो?" म्हणून आत्याने तीन मजल्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "मी जातंय आणि त्येका घेवनच येतंय." सुनेचं नाव नाही. सोबतीला मी, कारण मला इंग्रजी येतं आणि मी नाही म्हणू शकत नाही.

आत्याने हातातल्या पिशवीत काय घ्यावं? नारळ! विमानतळावर तपासणीत तो निघाला आणि तिथल्या मुलाने बाजूला ठेवला. आत्या पेटली. शेवटी त्यालाच बजावून आली, "खोबरा खा, पण आधी देवाक दाखव." पुढचा सगळा प्रवास तिचं तोंड एवढंसं. नारळाशिवाय गाऱ्हाणं घालणार कसं?

आणि काय सांगू! बोटीतून बेट दिसलं तेव्हा आम्ही दोघी लहान पोरींसारख्या किंचाळलो. समुद्रातून सरळ वर आलेला हिरवागार डोंगर, माथ्यावर ढग, आणि खाली पायथ्यापासून किनाऱ्यापर्यंत माडच माड! मी हसून हसून वाकले. "अगो, ह्या तर आपला गावच!" आत्या म्हणाली आणि धक्क्यावर उभ्या बाबल्याला सोडून आधी माड बघत राहिली. पुढे गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसली, तर म्हणे, "बरा आसा. चूल आयती पेटलेली." लिया तिच्या मागे मागे, टॉवेल घेऊन. आत्या तिच्याशी बोलत नव्हती, पण टॉवेल घेत होती.

निघायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "ह्यो डोंगर आतून जागो आसा मा?" बाबल्या हो म्हणाला. "मगे तो देवच. गाऱ्हाणा घालूक व्हया." बाबल्याचा चेहरा उतरला. आई काय मागणार ते त्याला ठाऊक होतं, मलाही.

काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर सगळे जमले. मागे डोंगर, आणि समोर पाण्यात एक उंच क्रूस. पूर्वी हा डोंगर फुटला तेव्हा गावाची दफनभूमी समुद्रात गेली, तिची ती खूण. लियाची आई, भाऊ, शेजारीपाजारी, सगळ्यांना आत्याने आधी "व्हय म्हाराजा" शिकवलं. लियाने झाडावरून ताजा नारळ काढून आणवला होता. आत्याने तो डोंगराकडे तोंड करून ठेवला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काय आवाज! माझ्या अंगावर काटा आला.

"आज तुझ्या पायाशी इलंव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो माझो बाबलो, म्हाराजा..."

सगळ्यात मोठा आवाज लियाचा होता. डोळे मिटलेले, हात घट्ट जोडलेले. आपल्याविरुद्ध काय मागितलं जाणार आहे याचा तिला पत्ताच नव्हता, आणि ती जीव तोडून हो म्हणत होती. आत्याने तिच्याकडे बघितलं. बघतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा आत्या गाऱ्हाण्यात अडखळली.

"ह्यो बाबलो... आणि ही माझी सून, म्हाराजा. तुझ्या पदरात टाकलंय. जागो आसस तसो जागो रव, पण ह्येंच्यावर रागाव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले. फक्त बाबल्या लहान पोरासारखा रडत होता. "मेल्या, व्हय म्हण!" आत्या खेकसली आणि स्वतःच पदराला डोळे पुसू लागली.

परत येताना विमानात ती एवढंच म्हणाली, "दिवो तू लाव गो खोलीत."

गेल्या माघात आत्या गेली. यंदा आमच्या गणपतीत नारळ ठेवला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबल्याला आणि लियाला फोनवर दाखवत होतो, फोन पाटाशी टेकून ठेवलेला. मी मोठ्याने "बा देवा म्हाराजा" म्हटलं आणि माझाच आवाज फुटला. खोलीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात पाटाजवळून लियाचा आवाज आला, खणखणीत, आत्याच्याच चालीत.

"व्हय म्हाराजा!"