पाणी पाजलेला दांडा

लढाईच्या काळात मी खडकीच्या लष्करी वर्कशॉपमध्ये फिटर होतो. लढाई संपली, माणसं कमी केली, तेव्हा चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला मी पत्र्याची एक शेड घातली आणि फटफट्या दुरुस्त करायला लागलो. पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता, बाकी सगळीकडे ज्वारीच होती. गाड्या यायच्या त्या बहुतेक लष्कराच्या लिलावातल्या. इंग्रजी, जड, हिरव्या रंगावर काळा रंग मारलेल्या. त्यांचे सुटे भाग मिळायचे नाहीत. जे मोडेल ते देहूरोडच्या भंगारातून शोधून आणायचं, नाहीतर स्वतः घडवायचं. घडवण्यात माझा हात चांगला होता आणि तो चांगला आहे हे मला जरा जास्तच माहीत होतं.

माझ्या गिऱ्हाइकांत एक गुरांचे डॉक्टर होते. सरकारी नोकरीतले, पन्नाशीला आलेले, अंगानं थोराड. भोसरी, मोशी, चाकण, त्यापलीकडच्या वाड्या, सगळीकडे ते फटफटीवर जायचे. त्यांच्या गाडीचा, पुढचं चाक धरणारा चिमटा जुन्या पद्धतीचा होता, एका स्प्रिंगवर लटकलेला. खडीच्या रस्त्यावर त्याचे दणके थेट मनगटात बसायचे. त्यांची मनगटं संध्याकाळी सुजलेली असायची. अशा मनगटांनी अडलेल्या म्हशीच्या पोटात हात घालणं अवघड होतं.

भंगारात मला एका नव्या बनावटीच्या गाडीचा चिमटा सापडला. त्याच्या दोन्ही नळ्यांत तेल आणि स्प्रिंग असायची, त्यामुळे खड्डा आला तरी हाताला कळत नसे. तो डॉक्टरांच्या गाडीला बसवायचा मी घाट घातला. अडचण एकच होती. चिमटा गाडीच्या सांगाड्याला जोडणारा, हँडलखालचा जो उभा दांडा असतो, तो आखूड पडत होता. सगळं पुढचं चाक त्या एका दांड्यावर असतं. मी भंगारातलाच एक चांगला पोलादी गज घेतला आणि पुण्यात ओळखीच्या लेथवर नवा दांडा कातून आणला.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला तो आणखी मजबूत करायचा होता. घरामागे मी भाता लावला, दांडा लालभडक केला आणि थंड पाण्यात बुडवला. गजाचा वीतभर तुकडा उरला होता, तोही सोबत तापवून बुडवला. मग त्या तुकड्यावर कानस घासून पाहिली. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. पोलाद इतकं कठीण झालं म्हणून मी खूश झालो. शुक्रवारी चिमटा जोडला, रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या आणि शनिवारी सकाळी डॉक्टर गाडी घेऊन चाकणच्या बैलबाजाराला गेले. जाताना म्हणाले, "मिस्त्री, गादीवर बसल्यासारखं वाटतंय."

उरलेला तुकडा मी बायकोला दिला होता. शेळी बांधायला तिला खुंटी हवी होती. डॉक्टर जाऊन तासही झाला नसेल, ती दोन्ही हातांत दोन तुकडे घेऊन शेडमध्ये आली.

"अहो, कसली खुंटी दिलीत? दोन ठोक्यांत मोडली."

मी तुकडे हातात घेतले. मोडलेल्या जागी पोलाद राखाडी, खडीसाखरेसारखं दाणेदार दिसत होतं. पण सगळीकडे नाही. अर्ध्या भागात ते काळपट होतं, पाणी शिरून डागळलेलं. ते ठोक्यानं मोडलेलं नव्हतं. ते आधीच चिरलेलं होतं, पाण्यात बुडवलं त्याच क्षणी. तुकडा आणि दांडा एकाच गजाचे, एकाच भट्टीत तापलेले, एकाच बादलीत बुडालेले.

बायको म्हणाली, "काय झालं?" मी सांगितलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मग उभे का राहिलात?"

शेडमध्ये एका मास्तरांची फटफटी होती. व्हॉल्व घासून मी ती आदल्या दिवशी जोडली होती, फक्त सायलेन्सर बसवायचा राहिला होता. तशीच काढली. पाने आणि हातोडा गोणपाटात गुंडाळून मागे बांधले. सायलेन्सर नसल्यामुळे तिचा आवाज इतका होता की भोसरीपर्यंत मला स्वतःचे विचारही नीट ऐकू आले नाहीत, आणि ते एका परीनं बरंच होतं. फक्त डोळे काम करत होते. प्रत्येक उताराच्या तळाशी, प्रत्येक मोरीच्या कडेला मी आधी चरात बघायचो. लांबून काहीही काळं दिसलं की वेग कमी करायचो. एकदा ते मोडकं बैलगाडीचं चाक निघालं, एकदा रस्त्याकडेला बसलेला माणूस.

त्या दांड्याचं काय होणार हे मला पक्कं माहीत होतं. तो वाकणार नव्हता. वाकला असता तर माणसाला सावरायला वेळ मिळतो. तो काचेसारखा तुटणार होता आणि पुढचं चाक गाडीखाली जाणार होतं.

मोशीला नदीच्या अलीकडे एक माणूस बैल धूत होता. मी गाडी थांबवून विचारलं, "इकडून डॉक्टरांची फटफटी गेली का?"

"गेली की मगाशी. मागं म्हातारी बसली व्हती."

"कोण म्हातारी?"

"आमच्याच गावची हाय. बाजाराला निघाली व्हती चालत. डॉक्टरांनी घेतली. मांडीवर शेळीचं करडू व्हतं तिच्या."

माझ्या हिशोबात तोवर एकच माणूस होतं. आता दोन झाली.

नदी ओलांडल्यावर मी मनाशी तयारी करायला लागलो, पण कसली, तर खोटं बोलण्याची. डॉक्टर जिवंत भेटले तर म्हणायचं, एक नट आवळायचा राहिलाय, गाडी जरा द्या. म्हणजे त्यांना काही कळणार नाही. गाडी शेडमध्ये नेऊन दांडा बदलून टाकायचा. एवढी भीती वाटत असताना माणूस आपली अब्रू कशी झाकायची हे ठरवू शकतो, याचं मला आजही नवल वाटतं.

चाकणच्या बाजारात एका लिंबाखाली डॉक्टरांची गाडी उभी होती. सरळ, दोन्ही चाकांवर. शेजारी एक म्हातारी करडू घेऊन बसली होती. मला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. डॉक्टर पिशवी गाडीला अडकवत होते आणि एक शेतकरी त्यांच्यापुढे हात जोडून उभा होता. पलीकडच्या वाडीवर त्याची म्हैस अडली होती. पहाटेपासून.

मी धावत गेलो आणि ठरवलेलं बोललो. "डॉक्टर, एक नट आवळायचा राहिलाय."

"आल्यावर आवळ." त्यांनी किकवर पाय ठेवला.

"आत्ताच आवळायला लागेल."

"मिस्त्री, म्हैस मरतेय. बाजूला हो."

मी पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून उभा राहिलो. भोवती बैलबाजारातली माणसं जमायला लागली. त्यांतले काहीजण मला ओळखत होते, फटफट्या घेऊन माझ्याकडे यायचे. मग मी सगळं सांगितलं. गज, भट्टी, पाणी, खुंटी, काळा डाग. खिशात दोन्ही तुकडे होते, ते काढून त्यांच्या हातावर ठेवले.

डॉक्टरांनी तुकडे उन्हात धरून पाहिले. "हे तुला काल माहीत होतं?"

"नाही. तुम्ही गेल्यावर कळलं."

"आणि नटाचं काय?"

"ते खोटं होतं."

त्यांनी तुकडे मला परत दिले. रागावले असते तर मला हलकं वाटलं असतं. त्यांनी पिशवी काढली, मास्तरांच्या गाडीला अडकवली आणि शेतकऱ्याला मागे बसवून निघून गेले. म्हातारी तेवढी बोलली. "म्हंजी मी त्याच्यावर बसून आले व्हय रं?" मी मान हलवली. तिनं करडू पोटाशी घट्ट धरलं आणि गाडीपासून चार हात लांब जाऊन बसली.

दोघातिघांनी गाडी उचलून इंजिनाखाली दगड लावला. मी चिमटा उतरवला, दांडा बाहेर काढला. वरवर त्यावर ओरखडाही दिसत नव्हता. क्षणभर वाटलं, उगाच आलो, उगाच तोंड काळं करून घेतलं. वर्कशॉपमध्ये चीर शोधायची एक साधी रीत होती, ती केली. पानवाल्याकडून कंदिलातलं रॉकेल आणि पातळ चुना मागून घेतला. दांडा रॉकेलमध्ये भिजवून कोरडा पुसला, वर चुना फासला आणि उन्हात ठेवला. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल चुन्यातून वर येतं.

चुना वाळून पांढरा झाला. मग त्या पांढऱ्यावर केसाएवढी एक ओली रेघ उमटली. ती हळूहळू पुढे सरकत दांड्याला वळसा घालू लागली आणि जवळजवळ पाऊण वेढ्यावर थांबली. मी दांडा बाजूला ठेवला आणि खाली बसलो.

भीती तिथं संपायला हवी होती. संपली नाही. बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की डॉक्टर ज्या गाडीवर गेले होते तीही माझ्याच हातची होती. मागच्या चाकाचा नट मी आवळला होता का? ब्रेकच्या सळईची पिन? इतकी वर्षं हे सगळं हात आपोआप करायचे आणि मी त्यांच्यावर भरवसा ठेवायचो. आता त्या हातांकडे बघून मला काहीच आठवत नव्हतं. दुपार उलटली. बाजारातले बैल पांगायला लागले. मास्तरांच्या गाडीचा तो मोठा आवाज कधी कानावर पडतोय म्हणून मी वाडीच्या रस्त्याकडे कान लावून बसलो होतो. म्हातारी करडू विकून निघाली तेव्हा न विचारता माझ्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवून गेली. ते मी खिशात टाकले.

उन्हं कलताना डॉक्टर आले. बाह्या खांद्यापर्यंत वर केलेल्या, अंगाला रक्ताचा वास. म्हैस वाचली होती, रेडकू मेलं होतं. मी दांडा दाखवला. त्यांनी बोटानं ती रेघ चाचपली आणि म्हणाले, "चल."

ते मला बाजाराच्या टोकाला एका लोहाराकडे घेऊन गेले. लोहार म्हातारा होता, बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धावा चढवायचा. त्यानं दांडा ऐरणीवर आडवा ठेवून हातोड्याचा एक ठोका मारला. दोन तुकडे झाले. तुटलेली बाजू बघून तो म्हणाला, "पानी पाजलंत, पन परत तापवलं न्हाई. पोलादाला पानी पाजलं की ते ताठतं. मग त्याला हळू शेकावं लागतं, त्याचा ताठा उतरवावा लागतो. आन ह्या कामाला मुळात पाजायचंच कशाला? ह्याला कठीन न्हाई, चिवट पायजे."

वर्कशॉपमध्ये ही कामं दुसऱ्या खात्यात व्हायची. मी ती लांबून बघितली होती आणि बघितलं म्हणजे आलं असं धरून चाललो होतो. मी लोहाराला विचारलं, "शिकवाल का?" तो म्हणाला, "येत जावा."

डॉक्टरांची गाडी एका ट्रकवर घालून परत आणली आणि तिला तिचा जुना चिमटा लावला. पुढचे दोन महिने मी दर शनिवारी चाकणला जायचो, बसनं. भात्यापुढे बसून तापलेल्या पोलादाचे रंग ओळखायला शिकलो. मग एका मोटारीच्या मोडक्या अ‍ॅक्सलपासून दुसरा दांडा कातला, त्याला पाणी पाजलं नाही. त्याच अ‍ॅक्सलचा तुकडा डॉक्टरांसमोर घणानं ठोकला. तो वाकला, पण तुटला नाही. मग नवा दांडा घालून तेलाचा चिमटा पुन्हा बसवला.

"आता तू चालव," डॉक्टर म्हणाले, "मी मागे बसतो."

चाकणपर्यंत जाऊन आलो. सगळ्या वाटेत त्यांनी आधारासाठी माझ्या खांद्यावर हातही ठेवला नाही. मीच घामानं भिजलो होतो.

तो दांडा त्यांची बदली होईपर्यंत टिकला. पण दर महिन्याला मी त्यांना बोलावून घ्यायचो, चिमटा उतरवायचो आणि रॉकेल आणि चुना लावून दांडा उन्हात ठेवायचो. त्याची गरज नव्हती हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. चुना वाळेपर्यंत ते शेडच्या दारात खोक्यावर बसून वर्तमानपत्र वाचायचे, आणि मी दांड्यापाशी उकिडवा बसून राहायचो.