मेलखालच्या बारा जणी

चहा आधी पिऊन घ्या, मग ऐका. हातात कप असताना ऐकलंत तर सांडेल, आणि पुन्हा नाव माझंच होईल. माझ्या या पराक्रमाबद्दल आमच्या घरात अजून हळू आवाजात बोलतात. मी मात्र आता चारचौघांत सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय शेवंताकाकू काय बाई आहेत हे तुम्हाला कळायचं नाही.

मी भोरच्या एका हायस्कुलातला निवृत्त हेडक्लार्क. एकतीस वर्षं अर्ज, खुलासे आणि स्मरणपत्रं लिहिली. माझा मसुदा साहेबांनी कधी परत पाठवला नाही, हे मी कुणी न विचारताही सांगतो. आत्तासुद्धा सांगितलंच की!

शेवंताकाकू राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याच्या. शिक्षण चौथी पास. गावातल्या आणि आसपासच्या बारा बायका गोळा करून त्यांनी गट केला. आपलं आंबेमोहोर भात आपणच गिरणीतून काढायचं आणि तांदूळ थेट पुण्याला विकायचा. व्यापारी दारात आला की बायका आत जायच्या आणि भाव बाप्ये ठरवायचे, ते काकूंनी बंद केलं. लिखापढीला माणूस हवा म्हणून त्या माझ्याकडे आल्या. "भाऊसाहेब, हितं आमचं हात चालत्यात, तिथं तुमची लेखणी चालू द्या," म्हणाल्या. नाही म्हणायची माझी काय बिशाद?

भोरला एस.टी. स्टँडजवळ गटाची एक खोली घेतली. तिथं कॉम्प्युटर आला, त्यात मेलचा प्रोग्रॅम आला. शेजारीच नसीमचं फ्लेक्स छपाईचं दुकान. अत्यंत हुशार मुलगी. तिनेच मला दाखवलं की सेटिंगमध्ये एकदा सिग्नेचर भरून ठेवली की ती प्रत्येक मेलखाली आपोआप येते.

"काका, नाव, हुद्दा, फोन. तीन ओळी बास," नसीम म्हणाली.

तीन ओळी? बारा बायका, आणि तीन ओळी? अहो, आपल्याकडे साध्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एकाचा फोटो राहिला तर तो माणूस वर्षभर रस्ता बदलून जातो. मी बाराही जणींना बोलावलं, नथी घालायला लावल्या, "हसा, आणखी हसा," म्हणत फोटो काढले. नसीमच्या मागे लागून त्याचं एक रंगीत चित्र करून घेतलं. वर राजगड, मध्ये भाताच्या लोंब्या, खाली तीन ओळींत हसऱ्या बारा जणी, आणि त्याखाली मी स्वतः रचलेलं घोषवाक्य:

'घरी तुमच्या पंगत बसो, ताटी आमचा तांदूळ असो! असे प्रसंग आपल्याकडे वरचेवर येवोत, हीच सदिच्छा.'

त्याच्या खाली माझं नाव, हुद्दा आणि कंसात निवृत्त. नसीमने चित्र बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दुकानात निघून गेली. मला वाटलं, भारावली.

तर पुण्याच्या मीनलताई. त्यांचं डबे पुरवायचं मोठं स्वयंपाकघर आहे. नमुन्याचा तांदूळ त्यांना आवडला होता आणि दर महिन्याचा माल आमच्याकडूनच घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. बारा घरांत पोती रचलेली. हे जमलं असतं तर गट उभा राहणार होता, नाहीतर पोती पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढणार होती. त्यातच मीनलताईंचा मेल आला. वडील अचानक गेले, व्यवहाराचं तेराव्यानंतर बघू.

मी लगेच उत्तर लिहायला बसलो. खरं सांगतो, मनापासून लिहिलं. माझे वडील गेले तेव्हाचं आठवलं आणि डोळे भरून आले. अक्षरं दिसावीत म्हणून मी पडद्यावर सगळं इतकं मोठं करून ठेवतो की एका वेळी चार ओळी मावतात. पाचवीच्या खाली काय आहे ते बघायची मला कधी गरज वाटली नाही. 'आपल्या दुःखात आम्ही सारे सहभागी आहोत' असा शेवट केला आणि मेल पाठवला.

गटाच्या प्रत्येक मेलची प्रत काकूंच्या मोबाईलवर जाते. अर्ध्या तासात त्यांचा फोन आला.

"भाऊसाहेब, मेल वाचला. लई चांगलं लिव्हलंय तुमी."

"काकू, मनापासून लिहिलं."

"व्हय, कळतंय. पन त्याच्या खाली आमी बारा जणी हसतोय."

मी घाईने तोच मेल उघडला. पडदा खाली ओढला. राजगड आला. लोंब्या आल्या. नथी आल्या. आणि शेवटी माझंच घोषवाक्य. ज्या घरात तेराव्याची पंगत बसायची आहे, त्या घराला मी लिहिलं होतं की असे प्रसंग वरचेवर येवोत. सदिच्छेसह!

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? गप्प बसला असता. मी सेटिंग उघडलं आणि सिग्नेचर काढून टाकली. नवीन मेल उघडून खात्री केली, पान कोरं. मग मीनलताईंच्या त्याच मेलला उत्तर म्हणून सविस्तर माफीनामा लिहिला आणि पाठवला. हेडक्लार्कच तो, लेखी खुलासा दिल्याशिवाय राहणार कसा?

पुन्हा फोन.

"भाऊसाहेब, आमी अजून हसतोय."

नवीन मेलची सिग्नेचर वेगळी आणि उत्तराची वेगळी, त्याचे दोन रकाने असतात, हे मला नसीमने सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा घोषवाक्य जुळवत असणार. आता तिसरं पत्र लिहावं का, असं मी विचारलं तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "कशाला बी हात लावू नगा. म्या येते."

दुसऱ्या दिवशी दोन एस.ट्या बदलून काकू दहाच्या सुमारास खोलीत हजर. मला वाटलं, आता माझी उत्तरपूजा. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेजारून नसीमला बोलावलं, तिला मीनलताईंना फोन लावायला आणि आवाज मोठा ठेवायला सांगितला.

"ताई, मी गुंजवण्याची शेवंता. ती पंगतीची वळ आमच्या समद्या मेलांखाली जाती, तुमच्यासाठी म्हनून लिव्हलेली न्हाई. लिव्हनारा मानूस वाईट न्हाई, त्याला मशिन कळत न्हाई. ते जाऊ द्या. वडील कशानं गेलं, ते सांगा."

मग मीनलताई बोलायला लागल्या. पंधरा मिनिटं बोलल्या. मध्येच रडल्या. काकू फक्त "व्हय गं बाई" म्हणत राहिल्या. तांदळाचा विषय त्यांनी चुकूनसुद्धा काढला नाही. बारा घरांतली पोती या एकाच गिऱ्हाइकावर अडून होती, तरी नाही. मी एकतीस वर्षांत इतकी पत्रं लिहिली, पण हे मला कधी सुचलं नसतं, आणि ते कबूल करायला मला लाज वाटत नाही.

शेवटी मीनलताईच म्हणाल्या, "बाबांना मऊ भात फार आवडायचा हो. तुमचा नमुना आला होता ना, तोच त्यांनी शेवटचा आवडीने खाल्ला. तेराव्याला तुमचाच तांदूळ पाठवा. आणि पुढच्या महिन्यापासून दर महिन्याचा माल सुरू करू."

फोन ठेवल्यावर मी डोळे पुसले. काकूंनी डबा सोडला.

नसीमने तिथल्या तिथे दोन्ही रकान्यांत नवी सिग्नेचर भरली. गटाचं नाव, शेवंताकाकूंचं नाव, फोन. तीनच ओळी.

"आणि माझं नाव?" मी हळूच विचारलं.

"तुमचं नाव वाचलं की त्या बाईला तेरावं आठवंल," काकू म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या. भाकरी घ्या."

तेव्हापासून गटाचा प्रत्येक मेल मी लिहितो आणि खाली नाव असतं काकूंचं. माल दर महिन्याला जातो. परवा मीनलताईंचा काकूंना फोन आला होता. म्हणाल्या, "काकू, त्या गृहस्थांना काढून तुम्ही स्वतः लिहायला लागलात ते फार बरं झालं. किती सुंदर लिहिता तुम्ही!"