लाल ठिपक्याच्या पुढे

मुंगीचे कान जाणार ही धास्ती गेला महिनाभर माझ्या उशाशी येऊन बसते. दिवसा कामाच्या रगाड्यात विसरायला होतं, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ती हजर. आज ती जरा निराळं तोंड घेऊन आली, आणि झोप पारच उडाली. म्हणून उठून टेबलाशी येऊन लिहायला बसले आहे. टेबल मुंगीचं आहे. ती घरात नाही, एरवी मला इथे फक्त फडकं मारायची परवानगी आहे. आणि सगळं पाणी त्या फडक्यातच मुरलं.

मुंगी म्हणजे आमची मुलगी, वय वर्षं एकोणतीस. पहिलीत असताना स्वतःएवढं दप्तर पाठीवर घेऊन तीन जिने चढायची. मध्येच कुणी मदतीला हात लावला की भांडायची नाही, रडायची नाही, नुसती बाजूने वळसा घालून पुढे जायची. तिच्या बाबांनी तेव्हा ठेवलेलं हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिचे कान लहानपणापासून तिखट. जिन्यावर पावलं वाजली की दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच सांगायची, कोण येतंय ते. दहा वर्षांची असेल, एकदा जेवता जेवता हात थांबवून म्हणाली, "आई, आपला फ्रीज आजारी आहे." आम्ही हसलो. चौथ्या दिवशी फ्रीज बंद पडला, आणि दुरुस्तीवाल्याने विचारलं, "आवाज बदलला होता का हो?" आम्ही दोघंही मुंगीकडे बघत राहिलो.

तिच्या बाबांचं मात्र उलटं. हे तीस वर्षं छापखान्यात मशीनवर होते. पन्नाशीच्या आत दोन्ही कान गेले. माझ्या सासूबाईंनाही कमी ऐकू यायचं, त्यामुळे यात मशीनचा वाटा किती आणि घराण्याचा किती, हे कुणी डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकला नाही. उजव्या कानात यंत्र लावतात. मी बोलायला तोंड उघडलं की नेमकी त्याची बॅटरी संपते.

असल्या बापाच्या मुलीने पोट भरायला कानाचंच काम निवडावं! डॉक्टर लोक पेशंट तपासून झाले की त्याची हकीकत तोंडी रेकॉर्ड करून पाठवतात. मुंगी ती घरी बसून ऐकते आणि टाईप करते. पायाखाली शिलाई मशीनला असतं तसं पेडल, दाबलं की आवाज पुढे सरकतो, सोडलं की थांबतो. सात वर्षं ती दिवसाचे आठ तास असे पायाने डॉक्टर चालवते आहे. त्यातले एक डॉक्टर कायम काहीतरी चघळत बोलतात. बाकीच्या मुली त्यांचं काम परत पाठवतात, मग ते मुंगीकडे येतं. तिने त्यांचं नाव चघळे डॉक्टर ठेवलंय. "आई, आज चघळ्यांनी बहुतेक पेरू खाल्ला," असं ती मला जेवताना सांगते. चुकत नसावी.

गेल्या वर्षी तिने मोठे हेडफोन घेतले. कुणी एक रेकॉर्डिंगवाला आपली खोली बंद करून सामान काढत होता, त्याचे जुने. फार चांगले असतात म्हणे, पण वजनदार. कॉम्प्युटरच्या भोकात त्यांची पिन घातली तर आवाज मेल्यासारखा यायचा, आणि मागे सतत घुंइंइं. मुंगी आवाज शेवटपर्यंत वाढवायची आणि दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरायची. खाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथला दुकानदार म्हणाला, "कॉम्प्युटरमधून येणारा आवाजच दुबळा आहे. एक छोटा ॲम्प्लिफायर घे, स्वस्तातला चालेल."

तिने आणलेली डबी काडेपेटीहून थोडी मोठी. काळी, पत्र्याची, एका बाजूला वायर, दुसऱ्या बाजूला हेडफोनचं भोक, वर गोल बटण. मी खोक्यावरचं नाव वाचलं आणि मला मैदानातल्या सभेचे भोंगेच दिसले.

"अगं, कानात भोंगा लावून घेणार का?"

"आई, उलट आहे. यात ती घुंइं जाते. आवाज स्वच्छ असला की कमी ठेवूनही भागतं."

"नाव तर आवाज वाढवणाऱ्याचं आहे."

"नावाचं काय घेऊन बसलीस? मला मुंगी म्हणता, मी साखरेच्या डब्यात सापडते का?"

पहिल्या दिवशी तिने वायर जोडली, हेडफोन चढवले, पेडल दाबलं, आणि चघळे डॉक्टर थेट आमच्या बैठकीच्या खोलीत बोलायला लागले. कॉम्प्युटर अजून स्वतःच्याच स्पीकरमधून बोलत होता. कुणाच्या तरी मूतखड्याची लांबीरुंदी अख्ख्या घराला कळली. शेजाऱ्यांनाही कळली असती, पण मी धावत जाऊन खिडकी लावली. हे निवांत पेपर वाचत होते. मग खालचा दुकानदार वर आला. आवाजाच्या सेटिंगमध्ये डबीचं नाव नव्याने आलं होतं, ते त्याने निवडलं. म्हणाला, "कॉम्प्युटरचा आवाज पुरता वर ठेवून द्यायचा, त्याला हात लावायचा नाही. कमीजास्त काय ते या गोल बटणाने." बाकी काय काय सांगितलं मला माहीत नाही, मी त्याच्यासाठी चहा टाकायला गेले होते. तो चहा मला फार महागात पडला.

मुंगीने डबी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने टेबलाला चिकटवली. जिथे तिला नीट ऐकू यायचं तिथे, बटणाच्या कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. बटणावरची रेघ ठिपक्याशी आणायची आणि कामाला लागायचं. सात-आठ महिने सुरळीत गेले. तिने दोन्ही हातांनी कान दाबणं सोडलं, संध्याकाळी डोकं दुखतं म्हणायची तेही थांबलं. हे मी तेव्हाच बघायला हवं होतं.

महिन्यापूर्वी मी पेपरात एक लेख वाचला, हेडफोनने कान कसे जातात त्याचा. पूर्ण अर्धं पान. मी पदवीधर बाई, माहितीपत्रक वाचल्याशिवाय साधी इस्त्री लावत नाही. डबीच्या खोक्यातला कागद काढला. त्यात लिहिलं होतं की मागच्या बाजूला एक बारीक खिटी आहे, तिच्या दोन जागा आहेत, कमी आणि जास्त, आणि कानांच्या सुरक्षिततेसाठी आधी ती 'कमी'वर ठेवावी. मी डबीच्या मागे वाकून पाहिलं. खिटी 'जास्त'वर! दुसऱ्या दिवशी मुंगी आंघोळीला गेली असताना फडकं मारता मारता नखाने ती खिटी 'कमी'वर सरकवली. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वाद झाला असता, आणि वादात ती जिंकते.

नंतर चारच दिवसांत मी पाहिलं, बटणावरची रेघ लाल ठिपक्याच्या पुढे गेली होती. आठवड्याने आणखी पुढे, जणू ठिपका सोडायला तिचा हात कचरत होता. खिटी मला आठवत नव्हती असं नाही. पण मी तिला दाराची कडी समजत होते, आवाज आता एका हद्दीबाहेर जाणार नाही म्हणून निर्धास्त होते. तरीही मुलगी बटण पुढेच नेते आहे, म्हणजे तिला ऐकू येत नाही. रोज फडकं मारायला जायचे आणि आधी रेघ बघायचे, ताप असलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी.

मग एका दुपारी दार अर्धवट उघडं होतं. मुंगी यांचं जुनं मनगटी घड्याळ कानाशी धरून बसली होती. आधी उजव्या, मग डाव्या. मग हात लांब करून, डोळे मिटून. मी आवाज न करता मागे फिरले. तिने मला विचारलं नाही, मी तिला विचारलं नाही. एका घरात दोघी जणी एकच भीती वेगवेगळ्या खोल्यांत घेऊन बसलो होतो.

नेमकं याच दिवसांत तिच्या परगावच्या ऑफिसने तिला बोलावलं. दुसऱ्यांनी टाईप केलेलं ऐकून तपासायचं काम, कायमची नोकरी. चघळ्यांचं बोलणं ओळखणारी म्हणून तिचंच नाव निघालं होतं. सात वर्षं ती याची वाट बघत होती. काल सकाळी ती बसने गेली. मैत्रिणीकडे उतरली आहे, आणि उद्या दहाला साहेबांसमोर बसायचं आहे. निघताना दारात चपलेचा पट्टा लावता लावता, वर न बघता म्हणाली, "आई, मी नाही म्हणून सांगणार आहे. दुसऱ्यांच्या चुका पकडायच्या, आणि माझेच कान... बाबांसारखं होतंय मला."

मी काय म्हणावं? "मला आधीच कळलं होतं गं," असं म्हणाले मी. वर तिच्या डोक्यावर हातही फिरवला. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि जिना उतरून गेली. मी 'छे, काहीतरीच' म्हणेन, हीच बहुधा तिची शेवटची आशा होती.

आज संध्याकाळी रिकामं टेबल बघवेना म्हणून ते धुवून पुसून काढायला घेतलं. डबी पट्टीसकट उचकटली आणि हातात आली. सहज कॉम्प्युटर सुरू केला, तिचं अर्धवट राहिलेलं काम समोर आलं; हेडफोन डोक्यावर चढवले, रेघ लाल ठिपक्याशी आणली, पेडल दाबलं. चघळे डॉक्टर विहिरीच्या तळातून बोलत होते. मनात आलं, माझेही गेले की काय कान? मग डबी उलटी करून ती खिटी 'जास्त'वर नेली. डॉक्टर माझ्या शेजारी येऊन बसले. प्रत्येक शब्द, प्रत्येक चावा. पुन्हा 'कमी', पुन्हा विहीर. असं चार वेळा केलं. मग तो कागद काढून पुढची ओळ वाचली, जी महिन्यापूर्वी वाचायची राहिली होती. छोट्या हेडफोनसाठी कमी, वजनदार हेडफोनसाठी जास्त. वजनदार हेडफोन 'कमी'वर जोडल्यास बटण पुष्कळ पुढे न्यावं लागेल, आवाज मात्र तेवढाच राहील.

कान तेवढेच होते. ठिपका खोटा पडला, तो मी पाडला.

यांना सांगायला गेले. यंत्र लावायला लावलं, तरी ओरडूनच सांगावं लागलं. बहुधा शेजाऱ्यांनीही माझा गुन्हा ऐकला असेल. यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पाटी लावली होतीस का?"

"कसली पाटी?"

"छापखान्यात दुसऱ्याच्या मशीनचा एक स्क्रू जरी फिरवला तरी मशीनवर पाटी अडकवायची. काय फिरवलं, कुणी फिरवलं. नाहीतर सकाळी येणारा माणूस दिवसभर आपल्याच हातात खोट काढत बसतो."

"अहो, मी तिच्या भल्यासाठी..."

"पाटीवर कारण लिहायची पद्धत नव्हती," हे म्हणाले. मग जरा हसले. "आणि माझे कान कुणी खिटीने परत आणत असेल तर बघ बाई."

हे यंत्र काढून झोपले. त्यांना झोपेचं सुख आहे, आतून आणि बाहेरूनही शांत.

मी मात्र तासभर मनाशी घोळ घालते आहे. पहाटे करावा फोन. नको, सहाला ती उठेल तेव्हा. पण सहाला उठली की आवरायची घाई, मैत्रिणीची धावपळ, ती म्हणेल नंतर बोलू, आणि नंतर म्हणजे दहानंतर. खरं सांगायचं तर तिच्या झोपेची काळजी हे निमित्त आहे. मला भीती तिच्या गप्प बसण्याची आहे. ती भांडणार नाही, ओरडणार नाही. पाठीवरच्या दप्तराला हात लावला तेव्हा करायची तेच करेल, वळसा घालून पुढे जाईल. आणि पुढे कधी या टेबलावर मला फडकंही मारू देणार नाही. ठीक आहे. माझ्या फडक्यावाचून टेबल धुळीने मरणार नाही.

कान तपासायचे असतील तर जरूर तपासू, मीच घेऊन जाईन, पण ती उद्या खुर्चीत बसेल तेव्हा हो की नाही, ते तिने स्वतःच्या कानांवरून ठरवावं, माझ्या नखावरून नव्हे.

खिटी 'जास्त'वर केली आहे. रेघ ठिपक्याशी. डबीला कागदाची चिठ्ठी चिकटवली: खिटी आईने फिरवली. कारण लिहिलं नाही.

दीड वाजला आहे. फोन उशाशी ठेवून झोपते ती, पहिल्या घंटीला उठेल. मुंगीच ती, पावलांवरून माणूस ओळखणारी. लावतेच फोन.