रस्त्याची अलीकडची बाजू

संध्याकाळी वडिलांना घेऊन देवासच्या चौकात बसायचं, हा माझा रोजचा नेम. घरी सांगतो फिरायला नेतो म्हणून, पण खरं तर आम्हां दोघांना माणसं बघायची खोड आहे. समोर इंदूरची बस थांबली की उतरणाऱ्यांतला कारखान्यातला कोण, टेकडीवर देवीला निघालेला कोण, ते ओळखायचं. वडिलांना अलीकडे सकाळचं जेवण आठवत नाही, पण चपलांवरून माणूस ओळखण्यात ते मला अजून हार जात नाहीत.

त्या दिवशी एका नवरदेवाचा फेटा भर चौकात सुटला. तो पुन्हा बांधताना चाललेली चार मामांची भांडणं मी मजेत बघत बसलो. वळलो, तर बाकावर वडील नाहीत.

समोरून इंदूरची बस सुटत होती. रस्ता ओलांडून धावलो, बस थांबवली, एकेक सीट पाहिली. नव्हते. मग मिठाईची दुकानं, टेकडीचा रस्ता, सगळं पालथं घातलं. शेवटी तिथल्याच उसाच्या रसवाल्याला विचारलं.

"भिया, बाबूजी इधर आए ही नी," तो म्हणाला. "उनको तो मैंने सड़क पार करते कभी देखा नी."

मी कपाळावर हात मारला. एके काळी या एका गावात दोन राज्यं होती आणि हद्द याच रस्त्यावरून जायची. आजोबा अलीकडच्या राज्याचे, म्हणजे थोरल्या पातीचे कारकून. पलीकडे धाकटी पाती. विचारल्याशिवाय तिकडे पाऊल टाकायचं नाही, अशी वडिलांना लहानपणी ताकीद होती. राज्यं गेली, वडील जन्मभर खुशाल रस्ता ओलांडत राहिले. पण विसरायला लागल्यापासून ती ताकीद तेवढी परत आली आहे. गेल्याच आठवड्यात रस्ता न ओलांडण्याच्या त्यांच्या हट्टापायी मी त्यांना हात धरून ओढलं होतं, याची मला लाज वाटली.

अलीकडे परतलो. बाकापासून चार दुकानं पुढे, बांगडीवाल्याच्या पायरीवर ते लोकांच्या चपला बघत बसले होते. मला इतकं हायसं वाटलं की मीही तिथेच टेकलो.

"पलीकडे गेला होतास ना?"

"हो."

"मला विचारलं होतंस?"

"नाही. चुकलं माझं."

त्यांनी माझा हात धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.